गॅस संपत नसतो

आकाशवाणीवरून मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा कवितेसाठी. या वेळचा निरोप होता, ‘उन्हाळ्यावर काहीतरी बोला.’ मी म्हटलं, उन्हाळ्यावरच बोलतो, पण एसीवर बोलतो. फोनवर पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाने एसीबद्दल काय सांगावं, ही शंका रास्तच आहे. पण हे यंत्र मी पुस्तकातून शिकलो नाही. तीन उन्हाळे पैसे मोजून आणि एक रात्र घाबरून शिकलो.

आम्ही राहतो बोईसरला, इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, खिडकी पश्चिमेला. आमचं जुनं घर तारापूर गावात होतं. कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर. तिथे पंखासुद्धा चैनीचा वाटे. बोईसरच्या स्लॅबखाली मात्र अम्माला रात्री झोप लागेना. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. २०१६ मध्ये तिच्या खोलीत एक टनाचा एसी बसवला. पहिला उन्हाळा सुखात गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये यंत्र चालू, पंखा चालू, आवाज नेहमीचाच, पण थंडावा नाही. मेकॅनिक आला, बाहेरच्या युनिटला मीटर लावला आणि म्हणाला, ‘गॅस संपलाय.’ अडीच हजार रुपये झाले. २०१८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच वाक्य, रक्कम थोडी वाढलेली. २०१९ मध्येही तेच. आम्हाला वाटायचं, स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो तसा हाही संपत असेल.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. गॅस भरून तीन आठवडेही झाले नव्हते. रात्री दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर अम्माच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. आत गेलो. खिडक्या-दारं बंद, एसी घरघरतोय आणि खोली भट्टीसारखी. अम्मा मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होती. वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. आम्ही तिला उचलून पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणलं, पंखा लावला, मान, काखा आणि मनगटं ओल्या फडक्याने पुसत राहिलो, चमच्याने पाणी दिलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हेच करत राहा आणि अर्ध्या तासात माणूस भानावर आलं नाही तर थेट दवाखान्यात आणा. सहरीची वेळ व्हायच्या बरीच आधी ती माझ्या नावावर परत आली. मला विचारलं, ‘तू झोपला नाहीस?’

त्या रात्रीचं एक कारण मला नंतर समजलं, ते आधी सांगतो. आपल्या किनाऱ्यावर नुसती उष्णता माणसाला एवढी छळत नाही, उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळून छळतात. घाम सुकला तर अंग थंड होतं. पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात मे महिन्याची हवा इतकी ओलसर असते की घाम नुसता वाहतो, सुकत नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, घामही कमी येतो आणि आपल्याला फार उकडतंय हेही त्यांना उशिरा कळतं. त्यामुळे बंद खोलीत चालू असलेला पण थंड न करणारा एसी हा बंद एसीपेक्षा वाईट. एसी बंद असता तर आम्ही खिडकी तरी उघडली असती.

आता यंत्राकडे येतो. आपण म्हणतो एसी थंडावा देतो. तो थंडावा बिलकूल देत नाही, कारण थंडावा नावाची वस्तूच नसते. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालच आहे तो. हमाल माल तयार करत नाही, इकडचा तिकडे नेतो. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं की एसी बिघडल्यावर ‘थंडावा कुठे गेला’ असं न विचारता ‘उष्णतेची वाट कुठे अडली’ असं आपण विचारू लागतो. मेकॅनिकला काय विचारायचं, हेही मग कळतं.

हा हमाल काम कसं करतो? माठाचं पाणी गार का होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं, तेही त्यामुळेच. द्रवाची वाफ होताना तो उष्णता शोषतो. एसीत हेच काम एका खास द्रवाकडून करून घेतलेलं असतं. आमच्या एसीतला गॅस आर-४१०ए नावाचा होता. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५१ अंशांच्या आसपास उकळतो. भिंतीवरच्या डब्यात तांब्याच्या नळ्यांची जी जाळी असते, कॉइल म्हणतात तिला, तिच्यात हा द्रव बेताच्या दाबाखाली साधारण पाच-दहा अंशांना उकळत असतो आणि खोलीतली उष्णता पिऊन घेत असतो. मग बाहेरच्या युनिटमधला कंप्रेसर ती वाफ दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो, तशी ही वाफ दाबल्यावर तापते, बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त. म्हणून तर ती आपली उष्णता मे महिन्याच्या कडक हवेतसुद्धा टाकू शकते. टाकली की तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो आत परततो. दिवसभर हेच चक्र चालू राहतं.

यात गॅस जळत नाही, खर्च होत नाही, हवेत सोडला जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. यंत्र धड असेल तर कारखान्यात भरलेला गॅस दहा-बारा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. म्हणून ‘गॅस संपलाय’ हे निदानच नव्हे. गॅस संपत नसतो, गळतो. आणि गळला असेल तर कुठून गळला, हा प्रश्न मी तीन वर्षं विचारला नाही. पंक्चर न काढता हवा भरत बसलो.

टन म्हणजे काय, हेही ओघात सांगून टाकतो, कारण एक टनाचा एसी म्हणजे त्याचं वजन एक टन, असं समजणारे मला भेटले आहेत. हा हिशेब बर्फाचा आहे. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फाने मोजत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उष्णता चोवीस तासांत बाहेर काढणारं यंत्र ते एक टनाचं. हा टन अमेरिकी, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा. सातपाटीला पापलेटवर घालायला बर्फाच्या लाद्या येतात, त्या डोळ्यांसमोर आणा. तसा नऊ क्विंटल बर्फ रोज अम्माच्या खोलीत वितळवण्याइतकं काम भिंतीवरचा तो डबा करतो. आजच्या मापात हे साडेतीन किलोवॅट होतात. त्यासाठी वीज लागते साधारण एक किलोवॅट, कारण हमालाला उष्णता तयार करायची नसते, फक्त वाहायची असते. मात्र बाहेरच्या युनिटला खोलीतले साडेतीन आणि विजेचा स्वतःचा एक असे मिळून साडेचार किलोवॅट बाहेर फेकावे लागतात. म्हणून बाहेरचं युनिट गुदमरलं की आतला एसी गेलाच म्हणून समजा.

हाच नियम आमच्या गावात फार मोठ्या मापावर रोज चालतो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. ते समुद्रकाठी का, असं लहानपणी मला वाटायचं. अशा केंद्रात तयार होणाऱ्या उष्णतेच्या साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली कुठेतरी टाकावीच लागते आणि तिथे ती समुद्राच्या पाण्याला दिली जाते. घराच्या बाल्कनीतलं युनिट हवेला जे देतं, तेच केंद्र समुद्राला देतं. टाकायला जागा नसेल तर दोन्ही बंद पडतील.

माझी एक भाची इंग्लंडला असते. मागे तिचा फोन आला, ‘मामू, आमचा हीट पंप थंड करत नाही.’ मी म्हटलं, नावच हीट पंप आहे तर थंड कशाला करेल? पण हे नाव आपल्या ‘एसी’पेक्षा खरं आहे. यंत्र तेच. त्यात एक जादा झडप असते, ती फिरवली की गॅसची दिशा उलटते आणि बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून यंत्र ती घरात आणतं. आपल्याकडे याला हॉट अँड कोल्ड एसी म्हणतात. तिच्या घरी कुणीतरी रिमोटवर सूर्याचं चित्र लावून ठेवलं होतं. हिमकणाचं चित्र लावल्यावर काम झालं. झालं नसतं तर ती झडप अडकल्याचा संशय घ्यावा लागला असता. हसू नका. आपल्याकडच्या एसीतही ‘फॅन’, ‘ड्राय’ अशी बटणं असतात आणि लहान नातवंडं ती दाबतात. पहिली तपासणी रिमोटची.

त्या रात्रीनंतर मी जुन्या मेकॅनिकला बोलावलं नाही. ओळखीच्या एका बाईंचा मुलगा आयटीआय करून हे काम करत होता, तो आला. विशी-बाविशीचा असेल. आल्याबरोबर मी म्हटलं, ‘गॅस संपलाय, भरून टाक.’ तो म्हणाला, ‘चाचा, आधी बघू तर द्या.’ माझा जीव तिथेच निम्मा भांड्यात पडला.

त्याने बाहेरच्या युनिटला हात लावायच्या आधी अर्धा तास घरातच घालवला. रिमोट पाहिला. आतल्या डब्याचं झाकण उघडून जाळी, म्हणजे फिल्टर, काढला आणि नळाखाली धरला. निघालेलं पाणी बघून माझी बायको ओशाळली. उन्हाळ्यात हा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा असतो, साध्या पाण्याने, आणि सावलीत सुकवून बसवायचा. हे काम मेकॅनिकचं नाही, आपलं आहे. फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवाच जात नाही. उष्णता आत येतच नाही, तर हमाल वाहणार काय? नंतर त्याने खोलीत दाराखालची फट पाहिली, पडदा पाहिला, छताकडे पाहिलं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता खाली सोडत असतो. एसी चांगला असूनही खोली गार होत नाही अशा कितीतरी तक्रारी खरं तर छताच्या असतात. आम्ही पुढे गच्चीला पांढरा रंग दिला, त्याचा फरक एसीच्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त पडला.

मग त्याने खिशातून एक साधा थर्मामीटर काढला. पंधरा मिनिटं एसी चालू ठेवून, वरून आत जाणारी हवा मोजली, ती ३१ अंश. खालून बाहेर येणारी मोजली, ती २७. फरक चार अंशांचा. तो म्हणाला, चांगल्या एसीत हा फरक आठ ते बारा अंशांचा असतो. पावसाळ्यात थोडा कमी येतो, कारण तेव्हा यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. नळीतून धो धो पाणी पडत असेल तर यंत्र काहीच करत नाही असं म्हणू नये. दोन-तीनशे रुपयांचा हा थर्मामीटर मी आता घरात ठेवतो. ‘थंड वाटत नाही’ असं म्हटलं की वाद होतो, ‘फरक चार अंश आहे’ असं म्हटलं की होत नाही.

हवेतलं पाणी काढणं हे दुय्यम काम समजू नका. १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने पहिलं आधुनिक वातानुकूलन आखलं, ते माणसांसाठी नव्हतंच. दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंगीत छपाई जुळायची नाही, म्हणून. कागदाला गारवा आधी मिळाला, वाचणाऱ्याला नंतर. हे भाषण छापून येईल तेव्हा छापखानेवाल्यांना ते आवडेल.

नंतर आम्ही बाल्कनीत गेलो. तिथला प्रकार सांगायला लाज वाटते. युनिटला कावळ्यांनी त्रास देऊ नये म्हणून मी तीन बाजूंनी फ्लेक्सचा जुना तुकडा बांधला होता आणि वरच्या ग्रिलवर कपडे वाळत होते. बाहेर टाकलेली गरम हवा जाणार कुठे? तीच फिरून युनिटमध्ये. शहरांत इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक दहा युनिटं बसवतात, तिथे हाच घोळ असतो. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. पोराने फ्लेक्स सोडला, जाळ्यांतली धूळ हळू धारेच्या पाण्याने धुतली. जोराच्या पंपाने धुतलं तर पत्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते. फरक चारवरून पाचवर आला, पुढे जाईना.

कंप्रेसर चालतोय का, तेही त्याने पाहिलं. कधी कधी बाहेरचा पंखा फिरतो पण कंप्रेसर नुसता गुणगुणतो आणि बंद पडतो. मग बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो, वस्तू स्वस्त आहे. किंवा व्होल्टेज कमी असतं. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, आणि एसी बिघडल्यासारखा वाटतो. पण कॅपॅसिटर स्वतः बदलायला जाऊ नका. मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्यात वीज साठून राहते आणि ती जबर झटका देते. घरच्या माणसाने फिल्टर, रिमोट, पडदे, थर्मामीटर आणि बाहेरच्या युनिटभोवतीची मोकळी जागा इथपर्यंत जावं. त्यापुढे नाही.

आमचा कंप्रेसर ठीक होता. पोराने बाहेरच्या युनिटला येऊन मिळणाऱ्या दोन नळ्या दाखवल्या. जाड नळी गार आणि घामेजलेली हवी होती, ती कोमट होती. बारीक नळीवर पांढरं दव गोठलेलं. मी म्हटलं, ‘बर्फ आहे म्हणजे थंड करतोय.’ तो म्हणाला, ‘हाच तर आजार आहे.’ गॅस कमी झाला की नळ्यांतला दाब उतरतो. दाब उतरला की उरलेला गॅस शून्याच्याही खाली उकळू लागतो आणि नळीवरची ओल गोठते. तो बर्फ पुढे कॉइलवर पसरला तर हवेची वाट बंद करतो आणि खोली तापते. तुमच्या घरी कॉइलवर बर्फ दिसला तर खरवडू नका. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालवा, वितळू द्या. फिल्टर साफ असूनही पुन्हा बर्फ धरला तर गॅस गळतोय असं समजा.

मग शोध गळतीचा. आधी नळ्यांच्या जोडांवर, नटांवर साबणाचा फेस लावला. गळत असेल तर बुडबुडे येतात. निम्म्याहून जास्त गळत्या इथेच सापडतात, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे नाही सापडली. त्याने उरलेला गॅस रिकाम्या बाटलीत काढून घेतला आणि नळ्यांत सिलिंडरमधला नायट्रोजन भरला. हे लक्षात ठेवा, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. दाब तपासायला नायट्रोजनच वापरायचा. वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून काही जण तो भरतात. कंप्रेसरमध्ये तेल असतं, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो आणि त्यात बिचारा काम करणाराच मरतो. तुमच्या घरी कुणी असं करताना दिसलं तर पैसे देऊन परत पाठवा, पण करू देऊ नका. हल्लीच्या एसीत आर-३२ किंवा आर-२९० हे गॅस असतात. पहिला थोडाफार पेट घेतो, दुसरा म्हणजे प्रोपेनच, चांगलाच पेटतो. गळती शोधायला काडी लावण्याची जुनी खोड त्यांच्यापाशी चालत नाही.

शेवटी आतला डबा भिंतीवरून उतरवला आणि कॉइल उघडी केली. तांब्याच्या नळ्या काळ्याठिक्कर होत्या. एका वळणावर फेस लावला, आणि अगदी बारीक, टाचणीच्या टोकाएवढेही नव्हेत असे बुडबुडे एकामागोमाग एक वर येऊ लागले. मी ते बराच वेळ बघत बसलो. तीन वर्षांचे आठ हजार रुपये त्या एवढ्याशा भोकातून गेले होते, आणि अम्माची ती रात्र.

तांब्याला भोक कसं पडतं? समुद्रावरून येणारी हवा मिठाची असते. मीठ आणि ओल मिळून धातू खातात, आमच्याकडे खिडक्यांचे गज त्याची साक्ष देतात. दुसरं कारण गंधकाचं. सडक्या अंड्यासारखा वास ज्या वायूला येतो, त्यात गंधक असतं. गटारातून, सांडपाण्यातून, कारखान्यांतून असे वायू निघतात आणि ते तांब्याला काळं करतात. चांदीलाही करतात. अम्माचं चांदीचं पानदान तारापूरला ईदच्या ईद पुसलं तरी चालायचं. बोईसरला आल्यापासून महिन्याभरात काळं पडतं. तिसरं कारण मला सगळ्यांत चमत्कारिक वाटलं. फॉर्मिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल यांच्या अगदी थोड्या वाफा ओलसर हवेत तांब्याला आतल्या आत पोखरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती पोखरण मुंग्यांच्या वारुळासारखी दिसते, म्हणून तिला इंग्रजीत मुंग्यांच्या घराचंच नाव आहे. या वाफा कुठून येतात? नवा प्लायवूड, फेव्हिकॉलसारखे डिंक, व्हार्निश, रंग, साफसफाईचे द्रव यांतून. २०१६ मध्ये त्याच खोलीत मी नवीन कपाट करून घेतलं होतं.

तेव्हा समुद्र, गंधक की माझं कपाट, यातला गुन्हेगार कोण, हे मी सांगू शकत नाही. काळा रंग गंधकाकडे बोट दाखवतो, एवढंच पोर म्हणाला. तेवढ्यावर कुणाला आरोपी करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि कपाट तर माझंच आहे. पण ती कॉइल पाहिल्यापासून मी हवेचा विचार वेगळा करू लागलो, हे कबूल करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचा एक निर्देशांक काढतं. हवा, पाणी आणि जमीन मिळून. २०१८ च्या मोजणीत तारापूरचा आकडा ९३.६९ होता, देशात सर्वांत जास्त. तो मी पेपरात वाचला होता आणि पान उलटलं होतं. तांब्याची नळी हातात घेतल्यावर तसं पान उलटता येत नाही. तांबं तीन वर्षं त्या खोलीत होतं. अम्मा त्याच खोलीत होती. तिची छाती रात्री घरघरायची, तेव्हा आम्ही म्हणायचो वय झालं. वयही झालंच होतं. पण वास येऊ लागला की आम्ही खिडक्या बंद करून एसी लावायचो आणि समजायचो की हवा बदलली. साधा घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही आणि आतली बाहेर टाकत नाही. तीच हवा फिरवतो. खिडकी बंद करेपर्यंत जे आत आलं, ते आतच राहतं. म्हणून आता वास नसेल त्या वेळी, पहाटे, आम्ही अर्धा तास सगळं उघडून ठेवतो.

कॉइल नवी घ्यावी लागली. वॉरंटी उलटून गेलेली. गॅस भरण्याआधी त्याने जवळजवळ अर्धा तास पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली. पूर्वीच्या मेकॅनिकने हे कधी केलं नव्हतं. आणि मग गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून यंत्राच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिले होते तेवढेच भरले. अंदाजाने नाही, हाताला गार लागतंय म्हणून नाही. गॅस जास्त झाला तरी एसी थंड करत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

जो गॅस आम्ही तीन वर्षं हवेत सोडला, त्याचाही हिशेब आहे. जुन्या गॅसांनी ओझोनचा थर विरळ केला म्हणून १९८७ मध्ये माँट्रिअलचा करार झाला. मग आर-४१०ए सारखे गॅस आले. ते ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. किती? एक किलो आर-४१०ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे दोन हजार किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतका. म्हणून २०१६ मध्ये किगालीला दुसरा करार झाला, आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता द्यायचं ठरवलं. आर-३२ चा आकडा ६७५ आहे, आर-२९० चा जेमतेम ३. आमच्या त्या टाचणीच्या भोकातून दोनेक किलो तरी गेला असेल. म्हणजे अम्माची खोली गार ठेवताना मी चार टनांचा धूर ओकल्यासारखं झालं, आणि खोली गार झालीच नाही.

सोळा अंशांवर लावल्याने खोली लवकर गार होते, हा गैरसमजही जाता जाता खोडतो. सोळा हा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ते, किती वेगाने जायचं ते नव्हे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना २४ अंशांवरच सुरू होतो, तसा नियम आहे. एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं. आम्ही २६ वर ठेवतो आणि वर छताचा पंखा मंद लावतो. अम्माला त्यापेक्षा जास्त चालतही नाही, शाल मागते.

तो पोर आता दर मार्चमध्ये येतो. थर्मामीटर लावतो, नळ्यांना हात लावतो, बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने धुतो, कारण खाऱ्या वाऱ्याच्या गावात ते धुवावंच लागतं. या वर्षी फरक अकरा अंश आला. ‘काही करायचं नाही, चाचा,’ म्हणाला. मी गॅसबद्दल विचारलं नाही. त्याने चहा घेतला, तपासणीचे तीनशे रुपये घेतले आणि गेला.

जुनी कॉइल बरेच दिवस माळ्यावर पडून होती. शेवटी भंगारवाल्याला दिली. त्याने सुरीने एक नळी खरवडली, आतला लाल रंग पाहिला, मग काळा भाग बोटाने चोळून बोटाचा वास घेतला. म्हणाला, ‘बोईसरचं तांबं ना? इकडचं असंच येतं.’ आणि किलोमागे वीस रुपये कमी दिले.